‘गाडी लांबच राहू द्या’ हे गेटवरच सांगा

पत्र थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. घरात त्या, यजमान, आठ वर्षांची मुलगी, सासूबाई आणि एकाहत्तर वर्षांचे सासरे. मागच्या मे महिन्यात सगळे मिळून एका व्याघ्र प्रकल्पात गेले होते. पहिल्या दोन सफारींत वाघ दिसला नाही. पैसे पाण्यात गेले म्हणून यजमान चिडले आणि तिसऱ्या सफारीला ड्रायव्हरला म्हणाले, “वाघ दाखव, पाचशे जास्तीचे देतो.” त्या दिवशी वाघीण दिसली. सोबत दोन बछडे आणि भोवती सात-आठ जिप्सी गाड्या. यांची गाडी सगळ्यांत पुढे घुसली. वाघीण गुरगुरली, मुलगी किंचाळली, ताईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. त्याच दुपारी सासऱ्यांना उन्हानं चक्कर आली. मुलगी अजून रात्री दचकून उठते. आता यजमान येत्या उन्हाळ्यात चार सफारी बुक करायच्या म्हणतात, कारण मागच्या वेळी फोटो हलला. सासूबाई म्हणतात, “पैसे देऊन भीती कशाला विकत घ्यायची? त्यापेक्षा माहूरला जाऊ.” ताईंचा प्रश्न असा, की सरळ नाही म्हणू का? की मीच भित्री आहे?

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुम्ही भित्र्या नाही. पिल्लांसोबतच्या वाघिणीपासून काही हातांवर उघड्या गाडीत बसल्यावर ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्याला तिथली परिस्थिती कळलेली नसते. तुमच्या लेकराला ती कळली होती. ती ओरडली यात तिचं काही चुकलं नाही, हे तिला आजच जवळ घेऊन सांगा. तोंडावर हात दाबला होता त्याबद्दलही सांगा. “मीसुद्धा घाबरले होते, म्हणून हात ठेवला,” एवढं म्हटलं तरी पुरे. मुलांना आपल्या धाडसापेक्षा आपलं खरं बोलणं जास्त धीर देतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी लिहिल्यात असं तुम्हाला वाटतं. यजमानांची तक्रार, की पैसे जाऊन वाघ नीट दिसला नाही. तुमची तक्रार, की जीव धोक्यात आला. मला मात्र या दोन्हींच्या मागे एकच गोष्ट दिसते. वाघ दिसलाच पाहिजे या घाईपायी पहिल्या दोन सफारी रिकाम्या गेल्या, कारण गाडी कुठं थांबलीच नसेल, आणि त्याच घाईपायी तिसऱ्या सफारीत गाडी नको तिथं घुसली. तेव्हा जायचं की नाही हे ठरवण्याआधी ही घाई सोडायची का, हे घरात ठरवा.

यजमानांवर रागावू नका. वर्षभर राबून माणूस चार दिवस काढतो, एवढा खर्च करतो, त्याला वाघ पाहावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. एवढ्या मोठ्या राज्यात एवढेच. त्यातला एखादा आपल्यासमोरून चालत जावा हे भाग्यच. ते पाचशे रुपयांत मागितलं, गडबड तिथं झाली. पाचशे जास्त देतो म्हटलं की त्या ड्रायव्हरला आपण नियम मोडायला सांगत असतो. त्याचं घर त्या गाडीवर चालतं, म्हणून तो मोडतो. पुढं काय होतं ते ऐका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडलं. चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली. कारवाई कुणावर झाली? गाइड आणि ड्रायव्हरवर. जवळ चला म्हणणारे पर्यटक तोवर आपापल्या घरी पोचलेले असतात.

बक्षीस जरूर द्या, पण सफारी संपल्यावर, आणि गाडी हळू चालवल्याबद्दल, लांब थांबवल्याबद्दल द्या. गेटवर गाइड गाडीत चढला की तुम्ही स्वतः, यजमानांच्या आधी, त्याला सांगा: “दादा, वाघ नाही दिसला तरी आमचं काही म्हणणं नाही. गाडी लांबच राहू द्या. पाणवठ्यावर थोडा वेळ इंजिन बंद करून बसू.” हे ऐकल्यावर बहुतेक गाइड सैल होतात. रोज त्यांच्या मानेवर ‘वाघ दाखवा’चं ओझं असतं. ते उतरलं की त्यांना ठाऊक असलेलं खरं जंगल ते दाखवायला लागतात. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मी नोकरीनिमित्त आठ वर्षं किनवटला होते. तिथून टिपेश्वर अभयारण्यात पहिल्यांदा गेले, तेव्हा आम्हाला असाच एक गाइड भेटला, पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातला पोरगा. पाणवठ्याच्या अलीकडं त्यानं गाडी थांबवली आणि बोट ओठावर ठेवलं. चितळांचा कळप पाण्यावर होता. कडेच्या मादीनं एकाएकी मान वर केली, शेपटी उभारली आणि पुढचा एक खूर जमिनीवर आपटला. पाण्याचे थेंब तिच्या हनुवटीवरून टपकत होते, ते पुसायलाही ती हलली नाही. मग तिनं आवाज दिला. डावीकडं नाल्याच्या काठावर वानर खाकरलं. दोन-तीन मिनिटांनी तसाच आवाज थोडा पुढून आला, मग आणखी पुढून, आणि शेवटी उजवीकडच्या बांबूतून सांबर ‘ढाँक’ करून ओरडलं. पोरगा हळूच म्हणाला, “गेला. नाल्यानं गेला.” आम्हाला वाघाचा केससुद्धा दिसला नाही. पण तो कुठून कुठं गेला, हे गाडीतल्या आम्हा सहाही जणांना बोटानं दाखवता आलं असतं. चितळ पुष्कळदा उगीचही ओरडतं, सांबर सहसा उगीच ओरडत नाही, हे त्यानं सांगितलं ते मी अजून विसरले नाही. तुमच्या मुलीला हे आवाज घरीच ऐकवा, वानराचा, चितळाचा, सांबराचा, मोराचा. जंगलात एक आवाज जरी तिनं आधी ओळखला, तरी त्या गाडीत ती नुसती घाबरून बसणार नाही, तिला काम असेल.

आता सुरक्षिततेचं. तुम्ही सगळी भीती वाघावर ठेवली आहे. गाडीत शांत बसलेल्या माणसांकडं वाघ सहसा दुर्लक्ष करतो. गाडी त्याच्या वाटेत आडवी आली, पिल्लं आणि आई यांच्या मधे आली, कुणी उभं राहिलं, हात बाहेर काढला, खाली उतरलं, की चित्र बदलतं. पायी माणूस तर त्याच्यासाठी वेगळीच गोष्ट आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी गेलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. जंगल माहीत असलेल्या, कर्तव्यावरच्या बाईची ही गत. म्हणून ‘जरा खाली उतरून फोटो’ किंवा ‘कोपऱ्यावर लघवीला थांबवा’ हे गाडीत कुणीही म्हणायचं नाही. ठरलेल्या ठिकाणीच उतरायचं. मुलगी आणि सासरे मधल्या सीटवर बसू द्या. मागची उंच सीट सगळ्यांत जास्त आदळते, पाठीचं दुखणं तिथून सुरू होतं. प्राणी जवळ आलाच तर काय करायचं तेही आधी ठरवून ठेवा. बसून राहायचं, बोलायचं नाही, निर्णय गाइडचा. मुलीबरोबर एक खूण ठरवा, भीती वाटली की तिनं तुमचा गुडघा दोनदा दाबायचा आणि तुम्ही तिला कुशीत घ्यायचं. मग तोंडावर हात ठेवायची वेळ येणार नाही.

तुमच्या पत्रात सगळ्यांत खरा धोका एका ओळीत येऊन गेला आहे. सासऱ्यांना आलेली चक्कर. पाणी आटल्यावर प्राणी पाणवठ्यावर येतात, म्हणून मे महिन्यात वाघ जास्त दिसतो, हे खरं. पण चंद्रपूर-यवतमाळचा मे आपल्या परभणीपेक्षाही कडक असतो, पारा ४५ च्या आसपास आणि वर दुपारची सफारी उघड्या गाडीतून. एकाहत्तराव्या वर्षी हे अंगावर घेऊ नये. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या असतील आणि त्यात लघवीवाटे पाणी काढणारी गोळी असेल, तर प्रवासापूर्वी डॉक्टरांशी बोलणं गरजेचंच आहे. माझं म्हणणं, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात जा. पानगळ सुरू झालेली असते, झाडीतून लांबचं दिसतं, ऊन सोसतं. शाळा बुडेल दोन दिवस, बुडू द्या. सफारी दोनच करा आणि दोन्ही सकाळच्या. भल्या पहाटे उघड्या गाडीत थंडी वाजते, तेव्हा शाल, कानटोपी, आणि उन्हासाठी ओलं उपरणं. पाण्यात मीठ-साखर-लिंबू. उन्हात माणूस अडखळत बोलायला लागला, गोंधळला, किंवा अंग तापून घाम थांबला, तर सावली, ओले कपडे, वारा आणि लगेच दवाखाना. पाणी पाजून ‘बघू थोडा वेळ’ म्हणत बसू नका.

दुसरा धोका रस्त्याचा. सुट्टी वाचवायला आपण रात्री जेवून निघतो आणि पहाटे पाचला गेटवर उभे राहतो. रात्रभर जागलेला ड्रायव्हर, त्यात रोही आणि रानडुकरं रस्ता ओलांडतात. आदल्या दिवशी उजेडात पोचा. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन निघालात तर वाटेत खाण्यासाठी फार थांबावंही लागणार नाही. फक्त ते डबे सफारीच्या गाडीत उघडू नका. वानरं अंगावर येतात आणि एक पिशवी उडाली तरी ती जंगलात राहते.

तिसरा धोका मुक्कामाच्या जागेचा, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. जंगलाला लागून असलेल्या रिसॉर्टच्या मागं संध्याकाळनंतर फिरायला जायचं नाही. मुलीला एकटी पुढं किंवा मागं चालू द्यायचं नाही, ती दोन मोठ्यांच्या मधे. बिबट्याला लहान किंवा वाकलेलं माणूस भक्ष्यासारखं वाटू शकतं. रात्री बाहेर पाय टाकायचा तो टॉर्च लावून, बूट झाडून. साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचंही नाही. पाय किंवा हात हलू न देता १०८ ला फोन आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात. ते सगळ्यांत जवळचं रुग्णालय कोणतं, हे खोलीची किल्ली घेतानाच विचारून ठेवा. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली किंवा कड्याखाली अत्तर, सिगारेट, धूर काहीही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळायचं.

अस्वलाचं वेगळं सांगते, कारण आपल्या किनवट-माहूरच्या पट्ट्यात आणि गौताळा अभयारण्यातही ते आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात तेव्हा ते पहाटे झाडाखाली खाली मान घालून खात असतं. खाण्यात गुंतलं की त्याला माणसाची चाहूल लागत नाही, आणि अचानक समोर माणूस दिसला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. किनवटला मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायका अंधारात एकट्या जात नसत. उजाडल्यावर, पाच-सहा जणी, मोठ्यानं बोलत, मधेच टोपली वाजवत जायच्या. मला सुरुवातीला वाटायचं की या गप्पांची हौस फार. एके दिवशी त्यांच्याबरोबर गेले, तेव्हा एका झाडाखाली ताजी विष्ठा दिसली, मोहफुलांनी भरलेली, वाफ निघत असलेली. त्या दिवसापासून त्या वाटेनं जाताना मीही मोठ्यानं बोलायला लागले.

आणि जंगलाची सहल म्हणजे वाघच, हे कुणी ठरवलं? तुमच्या घरापासून पैठण काही तासांवर आहे. नाथसागराच्या जायकवाडी पक्षी अभयारण्यात डिसेंबर-जानेवारीत भल्या सकाळी गेलात तर रोहित पक्षी, चक्रवाक, बदकांचे थवे दिसतील. बीड जिल्ह्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटं आहेत. ते अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. नर काळवीट उडी घेतं तेव्हा तुमच्या मुलीच्या तोंडून जो ‘आई गं’ निघेल, तो ऐकण्यासारखा असेल. या ठिकाणी कुणी गुरगुरत नाही, खर्च कमी, सासऱ्यांना उतरून बसता येतं. आठ बाय चाळीसच्या आसपासची, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी, एक बरी दुर्बीण घ्या. चार सफारींच्या पैशांत ती येते आणि पुढं वर्षानुवर्षं राहते.

वाघ तर आता आपल्याकडंही येऊन गेला आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत त्यानं आपला हिंगोली जिल्हाही ओलांडला, शेता-शेतांतून. एवढ्या वाटेत माणसाला इजा झाली ती लोक तो बसलेल्या झुडपात शिरले तेव्हा. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपलेला वाघही टिपेश्वरकडूनच आलेला. गावाजवळ असा वाघ किंवा बिबट्या आल्याची बातमी आली, की मोटारसायकली काढून बघायला धावणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. तुमच्या यजमानांनी त्या गर्दीत जाऊ नये. वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे, तिथं फोन करावा आणि लोकांना मागं ठेवावं.

आता नाही म्हणायचं का, याबद्दल. माझं मत असं, की उन्हाळ्यातल्या चार सफारींना स्पष्ट नाही म्हणा, आणि त्याच वाक्यात दुसरा बेत समोर ठेवा. या हिवाळ्यात एक सकाळ पैठण. मुलगी तिथं रमली, रात्रीचं दचकणं कमी झालं, तर मार्चमध्ये टिपेश्वर किंवा ताडोबा, दोन सकाळच्या सफारी. ताडोबा मंगळवारी बंद असतं, त्याप्रमाणे दिवस धरा. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच सगळ्यांनी सोबत न्या, गेटवर यासाठी माणसं परत गेलेली मी पाहिली आहेत. दचकणं थांबलं नाही तर आधी बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाशी बोला. जंगल कुठं पळून जात नाही.

यजमानांना फोटोच हवा असेल, तर त्यांनी एकदा मित्रांबरोबर खुशाल जावं. फक्त ‘पाचशे जास्त देतो’ असं पुन्हा म्हणायचं नाही, हा शब्द त्यांच्याकडून घ्या. त्यांना ‘तुमच्यामुळं पोरगी घाबरली’ असं सुनवू नका. ते त्यांना ठाऊक असणार, म्हणूनच ते फोटोबद्दल बोलतात. शांत वेळ पाहून विचारा, “त्या दिवशी गाडी मागं घ्या असं तुम्हाला एकदा तरी वाटलं होतं का?” आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मला फार पटलं. टिपेश्वरला जाणार असाल तर माहूर जवळपास वाटेवरच करता येतं. आदल्या दिवशी रेणुकामातेचं दर्शन, गडावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी उजेडात पांढरकवडा. सासूबाईंना सफारीत बसायचं नसेल तर त्यांनी खोलीवर आराम करावा. पण त्यांना एकदा विचारून पाहा. आणि पैठणला जाल तेव्हा दुर्बीण मुलीच्याच गळ्यात राहू द्या. कुठं बघायचं, किती वेळ बघायचं, घरी कधी निघायचं, ते त्या दिवशी ती ठरवेल.